ताईच्या नावापुढचा शेरा

बाजारात त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, आणि तो सगळ्यांना त्यांच्या नंबरावरून ओळखायचा. नावं त्याच्या डोक्यात टिकतच नसत. "ते उणे साडेचार परवा रस्त्यात भेटले, दाढी वाढवलीय त्यांनी," असं तो अगदी सहज बोलून जाई आणि ऐकणाऱ्याला हसू आवरत नसे. वय सत्तावन्न. लग्न केलं नव्हतं. सकाळी नऊला डबा घेऊन यायचं, दुकानाच्या मागच्या खोलीत अॅप्रन चढवायचा आणि संध्याकाळपर्यंत काचा घासायच्या. पुढे मालकीणबाई गिऱ्हाइकांचे डोळे तपासायच्या. मागे हा, त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या नंबराच्या काचा फ्रेमच्या मापात उतरवायचा. पाण्याची बारीक धार, चाकाची घरघर आणि ओल्या भुकटीचा वास. त्याच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. त्याच्या हातची काच फ्रेममधून सुटली, अशी तक्रार मालकीणबाईंकडे आजवर आली नव्हती.

दहा वर्षांपूर्वीपर्यंत असंच एक दुकान त्याचं स्वतःचं होतं. म्हणजे त्याचं आणि ताईचं.

ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता आणि ताई नर्सिंग शिकत होती. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, पाढे पाठ करून घेतले. पुढे तिचं लग्न झालं, पण नवरा चार वर्षांतच आजाराने गेला, मूलबाळ नव्हतं. मग तिचं जग म्हणजे हॉस्पिटल आणि हा भाऊ. हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत. नवीन मुली तिला टरकून असत, कारण चादरीला सुरकुती दिसली की ती बोलायची नाही, नुसती बघायची. त्याची पन्नाशी उलटून गेली तरी ती त्याला छोट्याच म्हणे.

दुकान काढायचं ठरलं तेव्हा तिने साठवलेलं सगळं पुढे केलं. कागदपत्रांवर दोघांची नावं आली. धंदा बरा चालला होता, पण त्याला हाव सुटली. काचा घासायचं भलंमोठं स्वयंचलित यंत्र कर्जाने आणलं. आसपासच्या सगळ्या दुकानांचं काम आपल्याकडे येईल, हा त्याचा हिशोब. त्या कर्जाच्या कागदांवर सह्या करायला ताई दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या गणवेशातच आली होती. "कुठे करू?" एवढंच तिने विचारलं. त्याने बोट ठेवलं, तिने सही केली. पाच-सहा ठिकाणी. मग घड्याळ बघत परत गेली.

काम काही आलं नाही. आसपासची दुकानं तयार काचा बाहेरून मागवू लागली आणि ते यंत्र हत्तीसारखं दुकानात उभं राहिलं. दोन वर्षांत दिवाळं वाजलं. न्यायालयात नादारीचा अर्ज करावा लागला, तोही दोघांच्या नावाने. पहिला अर्जदार तो, दुसरी ताई. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "यंत्र घ्यायचा निर्णय कोणाचा?" तो तोंड उघडणार, तोच ताई म्हणाली, "दुकान दोघांचं आहे, साहेब. निर्णयही दोघांचाच." तो खाली मान घालून उभा राहिला. तेव्हा तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कित्येकदा वाटलं. पण तेव्हा ते जमलं नाही.

साडेतीन वर्षांनी निकाल लागला. होतं नव्हतं ते विकून झालं होतं, देणेकऱ्यांना मिळायचं ते मिळालं होतं. न्यायाधीशांनी दोघांना मुक्त केलं. त्या दिवशी ताईने बाहेर येऊन चहा मागवला आणि म्हणाली, "सुटलो रे बाबा. आता हा विषय पुन्हा काढायचा नाही." त्याने तो काढला नाही. ती गोष्ट साडेसहा वर्षांपूर्वीची.

या वर्षी ताईचे गुडघे बोलू लागले. एकोणसत्तर वर्षांची बाई, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी घेऊन चढताना ती दर मजल्यावर थांबायची आणि कोणी बघितलंच तर पायपुसणं झटकल्यासारखं करायची. तळमजल्यावरचं भाड्याचं घर तिने स्वतःच शोधून काढलं. दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, समोर बाक असलेली छोटीशी बाग. ती तिथे तीनदा जाऊन आली. पडद्याची मापं घेऊन आली. आणि एका मंगळवारी दुपारी तिचा दुकानात फोन आला. ती कामाच्या वेळी फोन करत नसे, म्हणून मालकीणबाई स्वतः मागे येऊन फोन देऊन गेल्या.

"छोट्या, मी अजून दिवाळखोर आहे म्हणे!"

"काय?"

"एजंटाचा फोन होता. घरमालकाने माझं नाव कॉम्प्युटरवर घालून बघितलं. न्यायालयाच्या साइटवर येतं म्हणे, खटला प्रलंबित. प्रलंबित! साडेसहा वर्षं झाली. घर नाही म्हणाला. मी म्हटलं, अहो, निकाल लागलाय. तर म्हणतो, मॅडम, साइटवर तसं दिसत नाही." ती चिडली होती, पण रडकुंडीला आली नव्हती. "ही कॉम्प्युटरवाल्यांची चूक आहे. आपण जाऊन दुरुस्त करून घेऊ. तू गुरुवारी सुट्टी काढ."

"हो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याने हात पुसले आणि मालकीणबाईंना म्हणाला, जरा कॉम्प्युटर बघू का? नाव टाईप करताना त्याची बोटं दोनदा चुकली. मग ते पान उघडलं. पहिला अर्जदार, दुसरी अर्जदार, दोघांची पूर्ण नावं, ताईचा दहा वर्षांपूर्वीचा पत्ता, देणेकऱ्यांची यादी. आणि खाली, वेगळ्या रंगात: स्थिती – प्रलंबित. नोंदीत पूर्तता दाखल नाही.

शेवटचं वाक्य त्याने पुन्हा वाचलं. मालकीणबाई खांद्यामागून म्हणाल्या, "सरकारी साइट ना, कोण अपडेट करतंय!" त्याने मान हलवली. पण त्याला ठाऊक होतं.

निकालानंतर दोन महिन्यांनी न्यायालयाचं एक जाड पाकीट त्याच्या पत्त्यावर आलं होतं. वर शिक्का, आणि पत्त्याच्या जागी दोघांची नावं एकाखाली एक. त्याने ते हातात घेतलं, खालीवर केलं आणि ठेवून दिलं. वाटलं, संध्याकाळी बघू. मग वाटलं, रविवारी. सुटलो म्हणून ताई चहा प्यायली होती. आता पाकिटातून आणखी काही निघालं तर तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? ते पाकीट त्याने जुन्या फ्रेमच्या खोक्यात तळाशी घातलं. पुढच्याच वर्षी त्याने खोली बदलली, तेव्हा इतर पसारा टाकून दिला, पण ते खोकं बरोबर नेलं. म्हणजे विसरला होता असं म्हणायचीही सोय नव्हती.

त्या मंगळवारी संध्याकाळी त्याने खोकं काढलं. पाकीट हातात घेतलं. उघडलं मात्र तेव्हाही नाही.

गुरुवारी दोघं न्यायालयाच्या नोंदणी कक्षात गेले. पहिल्या मजल्यावर लांबलचक बोळ, भिंतीला टेकून बाकडी, आणि जाळीच्या खिडकीमागे एक कारकून. त्याच्या चष्म्याची डावी काडी चिकटपट्टीने बांधलेली होती, त्यामुळे चष्मा नाकावर तिरका बसला होता. ताईने निकालाच्या तारखेपासून सगळं त्याला घडाघडा सांगितलं. वॉर्डात पेशंटची माहिती डॉक्टरांना सांगावी तसं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. कारकुनाने नंबर घातला, पडद्याकडे बघितलं, मग उठून आतून एक फाइल आणली.

"साइटची चूक नाही हो," तो म्हणाला. "साइट आमची नोंदवही दाखवते. निकालात लिहिलंय ना, अर्जदारांनी नव्वद दिवसांत पूर्ततेचा तक्ता भरून, दोघांच्या सह्यांनिशी दाखल करावा. तो दाखल झाला की आम्ही 'निकाली' असा शेरा मारतो. तो आलाच नाही. आदेशाने तुम्ही मुक्त, पण नोंदीने नाही."

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही," ताई म्हणाली.

"तक्ता आणि आदेशाची प्रत टपालाने पाठवलीय. पहिल्या अर्जदाराच्या पत्त्यावर." कारकुनाने तिरक्या चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. "मिळाली नाही?"

ताईनेही वळून बघितलं. अगदी साधं बघितलं. शंकेचं काही कारणच तिच्याकडे नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "मिळाली नाही."

ताईने लगेच कारकुनाला धारेवर धरलं. "बघा! म्हणजे टपालाचा घोळ. आणि त्यापायी माझं घर गेलं. एवढं महत्त्वाचं पत्र साध्या टपालाने पाठवतात? पोचलं की नाही हे बघायची कोणाची जबाबदारी?" ती त्याच्या बाजूने भांडत होती. लहानपणी त्याच्या वर्गातल्या दांडगोबाशी भांडली होती तशीच, कमरेवर हात ठेवून. चष्मेवाला खिडकीच्या जाळीचे चौकोन मोजत उभा राहिला.

"अहो सिस्टर, रागावू नका," कारकून म्हणाला. ती कोण हे तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. "नोटीस मिळाली नसेल तर सोपं आहे. दोघांनी शपथपत्र करून द्या, की सदर नोटीस आम्हाला कधीच मिळाली नाही. उशीर माफ होतो, दंड नाही, काही नाही. आठ दिवसांत शेरा बदलतो. शपथेची खिडकी त्या टोकाला."

ताईने तिथेच बाकड्यावर बसून, पर्स मांडीवर आडवी ठेवून, तिच्या सुबक अक्षरात मजकूर लिहून काढला. आम्ही खाली सही करणारे बहीणभाऊ शपथेवर लिहून देतो की. मग दोघं रांगेत उभे राहिले. पुढे दहाबारा माणसं होती. रांग पुढे सरकत होती तशी ताई खुशीत येत होती. "त्या घरमालकाला मी प्रत नेऊन दाखवणार आहे," ती म्हणाली. "घर दुसऱ्याला दिलं नसेल अजून. बागेतल्या त्या बाकावर सकाळी ऊन येतं रे. गुडघ्यांना बरं."

पुढे चार माणसं उरली. तीन उरली. खिडकीतला अधिकारी प्रत्येकाला उजवा हात वर करायला लावत होता आणि एकच वाक्य म्हणवून घेत होता. ताईने पेनचं टोपण काढलं. "पहिली सही माझी. वयाने मोठी मी आहे."

"ताई, सही करू नकोस."

"का रे? काय चुकलंय?" तिने कागद डोळ्यांजवळ नेला.

"चुकलं नाही. म्हणजे, खोटं आहे ते. नोटीस मिळाली होती. माझ्याकडे आहे."

मागच्या माणसाने हळूच ढोसलं, पुढे सरका म्हणून. ताई रांगेतून बाजूला झाली. ती बाकड्यापर्यंत गेली, बसली, पेनला टोपण लावलं. तो समोर उभा राहिला. बसायची त्याला हिंमत झाली नाही.

"कधी मिळाली?"

"तेव्हाच. निकालानंतर दोन महिन्यांनी."

"आत काय होतं?"

"उघडली नाही."

"साडेसहा वर्षं?"

त्याने मान हलवली. ताईने हातातला कागद मांडीवर ठेवला. मग तिने जे विचारलं ते त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"ही साइट लोकांना कधीपासून दिसतेय?"

"पाच-सहा वर्षं असेल. का?"

"चार वर्षांपूर्वी मी आमच्या नर्सिंग शाळेत अर्ज केला होता. निवृत्त सिस्टरना शिकवायला घेतात. प्राचार्यबाई तोंडावर म्हणाल्या होत्या, तुमच्यासारखी बाई आम्हाला शोधून मिळायची नाही. मग एक ओळीचं पत्र आलं, नेमणूक होऊ शकत नाही. मला वाटलं, वय झालं म्हणून." ती थांबली. "मी तेव्हापासून स्वतःला म्हातारी समजायला लागले, छोट्या."

या अर्जाबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं; तिने कधी सांगितलं नव्हतं.

तिने शपथपत्राचा कागद मधोमध फाडला, मग आणखी एकदा फाडला, तुकडे पर्समध्ये टाकले आणि उठली. त्याने जिन्यात तिचा हात धरायला हात पुढे केला. "कठडा आहे," ती म्हणाली. एकेक पायरी उतरत ती खाली गेली आणि बस आली तशी एकटीच चढली.

पुढचे दोन दिवस त्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाची उजवी काच डावीकडे बसली. मालकीणबाईंनी पकडलं म्हणून बरं. त्यांनी ज्या नजरेने फ्रेम परत दिली, ती नजर त्याला दिवसभर टोचत राहिली. शनिवारी घरी येऊन त्याने पाकीट उघडलं. आत आदेशाची प्रत होती, चार ओळींचं पत्र होतं आणि एक पानाचा तक्ता. सात रकाने आणि दोन सह्यांच्या जागा. दहा मिनिटांचं काम. त्याने खुर्चीत बसून तो तक्ता दोनदा वाचला. एवढ्याशा कागदाला तो इतकी वर्षं भीत होता, आणि त्याच्या भीतीची किंमत ताई भरत होती.

सोमवारी तो एकटाच नोंदणी कक्षात गेला. कारकुनाने पाकीट बघितलं, वरचा शिक्का बघितला.

"मिळाली नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो होतो."

कारकुनाने चष्मा काढून पुसला. "हे बघा, मी ऐकलं नाही असं समजतो. शपथपत्र करून टाका आणि मोकळे व्हा. खरं लिहून दिलंत तर प्रकरण साहेबांपुढे जाईल, तारीख लागेल, दंड बसेल. महिना-दीड महिना कुठे गेला नाही."

"जाऊ द्या पुढे," तो म्हणाला. "पण एक लिहायचंय. नोटीस मला मिळाली, मी उघडली नाही, आणि माझ्या बहिणीला याची काहीही कल्पना नव्हती. हे नोंदीत राहील ना?"

"राहील."

"मग लिहितो."

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर वाईट होतं, म्हणून कारकुनाने पुन्हा लिहायला लावलं. पण घोडं अडलं ते तक्त्यावर. तिथे दुसऱ्या अर्जदाराची सही लागणारच होती. त्याला वाटलं होतं, सगळं आटपून, शेरा बदलून, मगच ताईसमोर जावं. तेवढी सवलत मिळाली नाही.

तो तिसरा मजला चढून गेला. ताईने दार उघडलं, आत येऊ दिलं, पाणी दिलं. त्याने तक्ता टेबलावर ठेवला आणि सवयीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"बोट उचल," ती म्हणाली. "कागद ठेवून जा. मी वाचेन आणि मग करेन."

दोन दिवसांनी तिने फोन करून तीन शब्दांचे अर्थ विचारले. त्याला एकाचा येत नव्हता. तो कारकुनाला विचारून त्याने कळवला. चौथ्या दिवशी सही मिळाली. सहीखाली तिने तारीखही घातली होती आणि कंसात, मजकूर वाचून सही केली, असं लिहिलं होतं. कारकून म्हणाला, असं लिहायची गरज नसते. चष्मेवाला म्हणाला, असू द्या.

साहेबांपुढे प्रकरण पाच मिनिटांत संपलं. साहेबांनी त्याचं निवेदन वाचलं, "बहिणीला का नाही सांगितलंत?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दंड लिहिला. तीन आठवड्यांनी साइटवरचा शब्द बदलला. निकाली. अर्जदार मुक्त. त्याने ताईला फोन करून सांगितलं. ती "बरं" म्हणाली. बागेसमोरचं घर तोवर एका नव्या जोडप्याला गेलं होतं. तिनेच ते सांगितलं, आवाजात कोणताही चढउतार न करता, हवापाण्याबद्दल सांगावं तसं.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. मालकीणबाईंनी एकदा सहज ताईचं नाव शोधून बघितलं तर आणखी तीन ठिकाणी तीच जुनी नोंद. न्यायालयाच्या साइटवरची माहिती उचलून स्वतःची दुकानं थाटणाऱ्या कंपन्या. मूळ नोंद बदलली तरी यांची शिळी नोंद तशीच. चष्मेवाल्याने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून पत्रं लिहायला सुरुवात केली. एका कंपनीने आठ दिवसांत पान काढलं. दुसरीने आदेशाची प्रत मागितली, मग ओळखपत्र, मग तीच प्रत पुन्हा. तिसरी उत्तरच देईना. त्याने तिला अकरा पत्रं पाठवली. दोन बोटांनी टाईप करणारा माणूस. एकेका पत्राला आख्खी सुट्टी जायची. बाराव्या पत्राला उत्तर आलं, दुसऱ्या अर्जदाराचं नाव वगळलं आहे.

दर रविवारी तो ताईकडे जायचा. आठवड्याचं सामान वर चढवायचा, जड काही असेल ते हलवायचा. बोलणं कामापुरतं. चहा मिळायचा, पण पूर्वी ती समोर बसून प्यायची, तशी बसायची नाही. कप ठेवून खिडकीपाशी जायची. अशाच एका रविवारी त्याने तिला सांगितलं की आता कुठेच तुझं नाव येत नाही.

"आणि तुझं?"

"त्या तिसऱ्यांकडे आहे अजून. राहू दे. माझं असायलाच हवं."

ताई खिडकीपासून वळली. हॉस्पिटलातल्या मुली जिला टरकायच्या ती नजर. "का? शिक्षा म्हणून? म्हणजे तू रोज ते पान उघडून बघणार आणि स्वतःला बरं वाटून घेणार, की बघा, मी किती भोगतोय. आणि उद्या तुला खोली मिळाली नाही की येशील माझ्याकडेच. काही नको. लिही त्यांना. माझ्यासाठी बारा पत्रं लिहिलीस ना, स्वतःसाठी तेरावं लिही."

त्याने लिहिलं. पुढच्या महिन्यात तेही नाव निघालं. त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट कुठेतरी लिहिलेलं होतं ते पुसलं गेलं आणि सगळं आपल्या एकट्याजवळ उरलं, असं त्याला वाटलं.

ताईला दुसरं घर मिळालं. तळमजलाच, पण मागे गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज, दिवसभर ठोकाठोक. बाग नाही. घर लावायला तो सलग तीन दिवस सुट्टी काढून गेला. कपाटाचे पाय समतल केले, नळाची गळती काढली, पडद्याच्या दांड्या बसवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र, सामान आणतो असं सांगून, तो नर्सिंग शाळेत जाऊन आला. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं.

प्राचार्यबाई बदलल्या होत्या. नव्या बाईंनी त्याला बसवलं, शांतपणे ऐकून घेतलं. चार वर्षांपूर्वीचा अर्ज, नामंजूर का झाला, एवढंच त्याने विचारलं.

"नेमणुका नाकारलेल्यांचे कागद आम्ही तीन वर्षं ठेवतो," बाई म्हणाल्या. "मग नष्ट करतो. त्यामुळे मला सांगता येणार नाही. वयाची अट तेव्हा होती खरी, पण काही जणींना सूट दिलेली आहे. नावं तपासायची पद्धतही होती. नक्की काय झालं, कोणालाच सांगता येणार नाही आता."

"कुठेच लिहिलेलं नाही?"

"कुठेच नाही."

तो परतला तेव्हा ताई खुर्चीवर बसून भांडी पुसत होती. गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. त्याला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून त्याने कुठे गेलो होतो ते सांगून टाकलं. ताईने पातेलं खाली ठेवलं.

"काय म्हणाल्या?"

"कागद नाहीत. त्यांनी नष्ट केले. वयामुळेही असेल, नोंदीमुळेही असेल. कळायला मार्ग नाही."

ताईने पातेलं पुन्हा उचलून पुसायला घेतलं.

"मग तू काय ठरवलंस?"

"माझ्यामुळेच," तो म्हणाला.

"मलाही तसंच वाटतं," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण मऊपणाही नव्हता. "वय झालं म्हणून असं मी चार वर्षं मानलं, ते आता परत मानता येत नाही. तर तसंच धरू. पण दर रविवारी ते तोंडावर घेऊन येऊ नकोस. मला रविवारी माझा भाऊ हवा असतो."

"बरं."

"ती पडद्याची दांडी डावीकडे खाली गेलीय. बोटभर."

त्याने मान वर करून बघितलं. खरंच गेली होती. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि स्क्रू सैल करायला लागला.